अडलेला काटा

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, वजन विचारलं. मी भाड्याची खोली बघायला आले होते. येवल्याहून एसटीनं उभ्यानं आल्यामुळे पाय दुखत होते, हातात जड बॅग होती. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. त्यांनी परत तेच विचारलं आणि व्हरांड्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं.

"बॅग खाली ठेव. चपला काढ. श्वास रोखू नको, त्यानं काही फरक पडत नाही."

काट्यावर आलेला आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागले होते, आणि बाईंचं घर कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत होतं. बाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या शिक्षिका. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात शिट्टी असायची, निवृत्तीनंतरही. दूधवाला फाटक उघडं टाकून गेला की शिट्टी वाजायची, आणि तो सायकल वळवून परत यायचा. घरात पाठ टेकायची एकही खुर्ची नव्हती, सगळी स्टुलं. पाहुण्यांनी चुकून भिंतीला पाठ लावली तर बाई बोलणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहायच्या. निफाडच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी द्राक्षांची पेटी आणून दिली, तर त्यांनी आधी पेटीचं वजन केलं आणि मग त्या गृहस्थांचं.

तो काटाही शाळेतलाच. लोखंडी, गोल तबकडीचा, मुलींच्या आरोग्य तपासणीचा. शाळेनं भंगारात काढला तेव्हा बाईंनी मागून घेतला होता. त्या म्हणायच्या, "शरीर म्हणजे सातवी ब. आपण फळ्याकडे तोंड केलं रे केलं, की मागे गोंधळ." वर्गावर जशी नजर ठेवायची तशी शरीरावर ठेवायची, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. आणि अशा बाईंचंच वजन त्यांच्या हाताबाहेर गेलं होतं. गुडघे पार कामातून गेले होते. चालताना त्या एक जुनी हॉकी स्टिक उलटी धरून तिच्यावर रेलायच्या, आणि कोणी तिला काठी म्हटलेलं त्यांना चालत नसे. जमिनीवर बसणं तर कित्येक वर्षांपूर्वीच सुटलं होतं. देवासमोरसुद्धा स्टूल.

पुण्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं, पण अट घातली होती. वजन पंचाहत्तरच्या खाली आणा, मगच या. नाहीतर थोड्याच दिवसांत अंथरूण धराल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाईंना अंथरुणाची भीती वाटायची, मरणाची नाही.

मी राहायला गेल्यावर त्यांनी मला आपल्या मोहिमेत ओढलं. पहाटे आम्ही गोल्फ क्लबच्या मैदानावर जायचो. त्या एका बाकावर बसून दोन्ही हातात पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन व्यायाम करायच्या, मी फेऱ्या मारायचे, आणि माझा वेग कमी झाला की मैदानभर शिट्टी ऐकू जायची. संध्याकाळी महापालिकेच्या तरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात त्या चालायच्या. पाण्यात गुडघे दुखत नाहीत. सकाळचा स्वयंपाक त्या दोघींचा करायच्या आणि माझा डबाही भरून द्यायच्या. एक ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ, काकडी, ताक. रात्री भाज्यांचं सूप. मी ऑफिसात मिसळ खाल्लेली त्यांना कशी कळायची देवाला ठाऊक, पण कळायची.

दर रविवारी वजन. माझं उतरत गेलं. हळूहळू, पण गेलं. येवल्याला गेले की आई काळजी करायला लागली. बाईंचंही सुरुवातीला उतरलं. नव्वदीच्या पुढून ते ब्याऐंशीपर्यंत आलं, आणि तिथं काटा अडला.

एखादा महिना असं होतं, हे बाईंना माहीत होतं. त्यांनीच मला समजावलं होतं, की शरीर मध्येच पाय रोवून उभं राहतं, त्याला वेळ द्यायचा आणि आपण आपलं काम करत राहायचं. पण महिन्याचे दोन झाले, मग पाऊस संपला, थंडी आली, तरी काटा ब्याऐंशीवरच. बाईंनी भाकरी अर्धी केली. तलावातला वेळ वाढवला. आठवड्यातून एक दिवस नुसत्या ताकावर राहिल्या. चेहरा उतरला, गालाची हाडं दिसायला लागली, काट्याला मात्र त्याचं काही नव्हतं. मग त्यांना काट्याचा संशय आला. किराणा दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर त्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहिल्या. मला घेऊन बसनं नाशिकरोड स्टेशनावर गेल्या आणि तिथल्या रंगीत दिव्यांच्या यंत्रात नाणं टाकलं. ब्याऐंशी. यंत्रातून आलेल्या तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं असायचं. ते न वाचताच त्यांनी तिकीट रुळांवर टाकून दिलं.

परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "तू आणि मी एकच खातो, व्यायामही दोघी करतो. मग हे कोणाचं वजन आहे?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण. मी राहायला यायच्या दोन वर्षं आधी त्या वारल्या होत्या, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. दोघी मूळच्या चांदवडकडच्या. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनी या धाकटीला वाढवलं, शिकायला नाशिकला आणलं, आणि जन्मभर तिचं घर सांभाळलं. त्या पाठीत वाकलेल्या होत्या आणि डावखुऱ्या होत्या. लहानपणी डाव्या हातानं जेवतात म्हणून त्यांचा तो हात आजी पदरानं बांधून ठेवायची, तरी सुधारल्या नाहीत, असं बाई कौतुकानं सांगायच्या. धाकटीला गरम वाढायचं, ती दुपारची आडवी झाली, तिचा डोळा लागला की मग आपण एकटीनं पाटावर बसून जेवायचं, ही ताईंची आयुष्यभराची रीत.

ताईंचं पान बाई अजूनही वाढत होत्या. रोज. सकाळी आमच्या उसळीशेजारी छोट्या पातेल्यात भात शिजायचा. मऊ भात, वरण, साजूक तूप, बटाट्याची भाजी, वाटीत साखर घातलेलं दूध. भिंतीशी पाट मांडून त्याच्यासमोर ते ताट झाकून ठेवायचं आणि मग स्वतः भाकरी खाऊन झोपायला जायचं. मी एकदा विचारलं होतं, की ते पुढे कोणाला घालता. "ताईला," म्हणाल्या, आणि माझ्या डब्याचं झाकण लावून दिलं. गल्लीत रोज एक गाय यायची. मी धरून चालले की अन्न तिला जात असणार.

आता मागे वळून पाहिलं की काही गोष्टी आठवतात. संध्याकाळी मी कामावरून यायचे तेव्हा बाईंच्या डाव्या हाताची बोटं हळदीनं पिवळी दिसायची. बाई सगळं उजव्या हातानं करायच्या. एकदा कारखान्यातून लवकर आले, तर माझ्या खोलीला लागून असलेल्या त्यांच्या स्वयंपाकघरात कोणीतरी चालत होतं. भराभर, हलक्या पावलांनी. हॉकी स्टिकचा आवाज नव्हता. मला वाटलं कामवाली असेल. मग लक्षात आलं की कामवाली सकाळी येते.

सातपूरच्या कारखान्यांना रविवारऐवजी शनिवारी सुट्टी असायची. मी शुक्रवारी संध्याकाळीच येवल्याला जायचे आणि शनिवारी रात्री परत यायचे. एका शनिवारी एसटीचा संप होता म्हणून राहिले. एप्रिलचं ऊन, त्यात वीज गेलेली. दुपारी मला थंड पाणी हवं होतं आणि फ्रिज बाईंकडे. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. त्या झोपल्या असतील म्हणून मी आवाज न करता आत गेले.

बाई पाटावर बसल्या होत्या. जमिनीवर, मांडी घालून. ज्यांना स्टुलावरून उठताना ओठ दाबून धरावे लागत, त्या बाई मांडी घालून बसल्या होत्या आणि पाठीत वाकून डाव्या हातानं भात कालवत होत्या. लहान लहान घास, एकेक नीट चावून. शिट्टी गळ्यात नव्हती. केस मोकळे सुटले होते. डोळे उघडे होते.

मी फ्रिजला टेकून उभी राहिले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, जशी घरात आलेल्या ओळखीच्या मुलीकडे एखादी म्हातारी बाई बघते.

"बस," त्या म्हणाल्या. "तिला उठवू नको. आत्ताशी डोळा लागलाय. लय दमती ती."

आवाज बाईंचा होता. पण बाई असं बोलत नसत. बाईंचं मराठी वर्गात धड्याचं वाचन करावं तसं होतं.

मी बसले नाही. पाणी न घेताच खोलीत आले आणि कडी लावली. थोड्या वेळानं पलीकडे ताट घासल्याचा आवाज आला, मग ती हलकी पावलं, मग काही नाही. चार वाजता बाईंनी नेहमीसारखं कण्हत हॉकी स्टिक शोधली आणि चहाला हाक मारली. मी चहा प्यायला गेले. त्यांची डावी बोटं पिवळी होती. त्यांनी त्या दिवशी मला दोनदा विचारलं, की तुला बरं नाही का.

सोमवारी मी त्यांच्या नेहमीच्या, नाशिकच्याच डॉक्टरांना गाठलं. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यात घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. बहीण गेल्यापासून बाईंना झोपेची गोळी चालू होती, दुपारीसुद्धा. अशा गोळीच्या अमलात माणूस झोपेत उठतो, खातो, उठल्यावर त्याला काही आठवत नाही. मी गुडघ्यांचं विचारलं. झोपेत दुखणं जाणवत नाही, ते म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोळी त्यांनी बंद केली. पुढच्या रविवारी काटा ब्याऐंशीवर होता. त्याच्या पुढच्याही.

मग मला सांगावंच लागलं. एका पहाटे गोल्फ क्लबच्या बाकावर, बाटल्या बाजूला ठेवून, मी पाहिलं ते सगळं सांगितलं. बाई मैदानाकडे बघत ऐकत होत्या. मला वाटलं होतं रागावतील, किंवा मला खोटी ठरवतील.

"डाव्या हातानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मांडी घालून?"

"हो, बाई."

फेऱ्या मारणारी माणसं समोरून जात होती, त्यातल्या दोघांनी त्यांना नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही. मग त्यांनी मला ताईंचं शेवटचं वर्ष सांगितलं. ताईंना साखरेचा आजार निघाला आणि बाईंनी स्वयंपाकघर आपल्या हातात घेतलं. भात बंद, गोड बंद, भाकरी मोजून. ताईंनी कधी कुरकुर केली नाही. फक्त शेवटच्या दिवशी, खूप अशक्तपणा आला होता तेव्हा, दूधभात मागितला. बाई म्हणाल्या, रिपोर्ट येऊ दे, मग बघू. रिपोर्ट संध्याकाळी आला. ताई दुपारीच गेल्या होत्या.

"साखर फार नव्हतीच वाढलेली," बाई म्हणाल्या. "दिला असता तर चाललं असतं."

मी म्हटलं, मग आता पान वाढणं थांबवा. वजन उतरल्याशिवाय पुण्याचे डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर ताईंना तरी आवडेल का? बाईंनी मान हलवली. ताटावरून तिला परत एकदा उठवणं मला जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. न वाढणं नाही जमायचं. मग जरा थांबून, एखाद्या विद्यार्थिनीला निरोप घेऊन दुसऱ्या वर्गात पाठवावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी मला सांगितलं, "तू सांग तिला. ती येते तेव्हा मी झोपलेली असते."

मी नाही म्हणू शकले नाही. आजही कळत नाही, का ते.

त्या शनिवारी बाईंनी भात जरा जास्तच मऊ शिजवला. दुधात साखर दोन चमचे घातली. पान झाकलं, माझ्यासाठी पाटासमोर एक स्टूल ठेवलं आणि आत जाऊन पलंगावर पडल्या. मी बसून राहिले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आतून बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता, आधी जागेपणाचा, मग झोपेचा. तो लयीत चालू असतानाच दारात पावलं वाजली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आतला श्वास थांबलेला मला ऐकू आला नव्हता. कदाचित माझं लक्ष नसेल. भीतीनं माणसाला काहीही ऐकू येतं. पण माझ्यासमोर येऊन, एका हाताचाही आधार न घेता, ती पाटावर बसली तेव्हा आत कोणीतरी झोपलेलं आहे असंच मला वाटत होतं.

तिनं ताटावरचं झाकण काढलं. जेवायला लागली. मी दोन-तीन घास जाऊ दिले. मग म्हटलं, "ताई, बाईंचे गुडघे फार दुखतात. ऑपरेशन करायचंय. वजन उतरल्याशिवाय करत नाहीत."

हात थांबला.

"लय दुखत्यात?"

"चालता येत नाही त्यांना."

ती ताटाकडे बघत राहिली. तुपाचा एक थेंब बोटावरून भातावर पडला. मग तिनं ताट हळूच पुढे सरकवलं, जेवण झाल्यावर लहान मुलं सरकवतात तसं. अर्ध्याच्या वर शिल्लक होतं.

"मंग सांगायचं ना मला," ती म्हणाली. "मी काय नाय म्हनले असते का?"

हात धुऊन ती आत गेली. मी पाठोपाठ जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही.

चारला बाई उठल्या. स्टिकवर रेलत बाहेर आल्या आणि त्यांनी आधी ताट पाहिलं, उरलेला भात, त्यावर निवून पांढरं झालेलं तूप. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी एकच शब्द परत विचारला.

"'मंग' म्हणाली?"

"हो."

"मला ती खूप हसायची, मी 'मग' म्हणायला लागले तेव्हा. म्हणायची, शाळेत जाऊन जीभ इस्त्री करून आली." आणि त्या स्टुलावर बसून रडल्या. शिट्टी घातलेली, पाठ ताठ, तशाच.

त्यानंतर पान जसं वाढलेलं तसं राहायला लागलं. बाई ते झाकण काढून बघायच्या आणि गायीला घालायच्या. मी शनिवारी मुद्दाम राहून पाहिलं, स्वयंपाकघरात कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी काटा ब्याऐंशीच्या जरासा अलीकडे थांबला. मी आनंदानं ओरडले. बाई काट्यावरून उतरल्या, परत चढल्या, आणि मला म्हणाल्या की आज आपण मैदानावर नको जाऊया. पावसाळा संपेस्तोवर त्या पंचाहत्तरच्या खाली आल्या. प्रत्येक रविवारी आकडा सांगताना त्यांचा आवाज थोडा लहान व्हायचा. पान वाढणं त्यांनी कधी बंद केलं ते मला नक्की सांगता येणार नाही. एक दिवस छोटं पातेलं शेगडीवर दिसलं नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं आणि चांगलं झालं. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात राहिले. पुढे माझं लग्न झालं, मी नाशिक सोडलं. मधल्या वर्षांत फोन व्हायचे, त्यात त्या माझं वजन विचारायच्या आणि मी दोन किलो कमी करून सांगायचे.

शेवटची भेट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. त्या फाटकापर्यंत स्वतः चालत आल्या, हातात काही नाही. इतक्या बारीक झाल्या होत्या की मला क्षणभर ओळख पटली नाही. गोल्फ क्लबवर सकाळी पोरींच्या एका गटाला शिकवते, म्हणाल्या. आम्ही ताक प्यायलो. गल्लीत उंच इमारती झाल्या होत्या, दुपारचं ऊन आता व्हरांड्यात येत नव्हतं. मी जपून विचारलं, की दुपारची झोप लागते का.

"लागते की. पडलं की लागते," त्या म्हणाल्या. "उठून बघते, तर पडले होते तिथंच असते."

मग त्यांनी काट्यावरची धूळ पदरानं पुसली, मला चढायला न सांगता स्वतःच चढल्या आणि खाली वाकून आकडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एकटीचं वजन फार कमी भरतं गं," त्या म्हणाल्या.